आपण रजेवर आहात

जेवणाच्या सुट्टीपासून बुवांची रजा सुरू होणार होती आणि बायको गाडी घेऊन खाली येणार होती. समुद्रकाठी चार दिवस राहायचा हा बेत यापूर्वी तीनदा मोडला होता. एकदा सर्व्हर बसला, एकदा प्रिंटर बसला आणि तिसऱ्यांदा काहीच बसलं नव्हतं, तरी साहेबांना उगाच धाकधूक वाटत होती. या खेपेला बायकोने एकच वाक्य ऐकवलं होतं, "अहो, आता जमलं नाही ना, तर मी एकटी जाईन, आणि कधी परत यायचं ते तिथे ठरवीन."

बुवा हे त्यांचं खरं नाव नव्हे. चष्म्याच्या फ्रेम बनवणाऱ्या त्या कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं खातं त्यांच्या एकट्याच्या गळ्यात होतं. सर्व्हरच्या खोलीत ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटत बसायचे आणि बाहेर आले की इंटरनेट चालू झालेलं असायचं, म्हणून बुवा.

रजेवर जाण्यापूर्वी एकच काम उरलं होतं. कोण माणूस आपला आणि कोण परका, हे ओळखणारा एक सर्व्हर कंपनीत होता. त्याला विचारल्याशिवाय कॉम्प्युटर उघडत नसे, दार उघडत नसे, आणि बुवांच्या उत्साहामुळे कॉफीचं मशीनही कप भरत नसे. हा सर्व्हर रजेच्या वेबसाइटला जोडून द्यायचा होता. रजा सांभाळणाऱ्या बाईंचा तसा आग्रह होता. "लोक रजा घेतात, घरून दोन मेल पाठवतात आणि म्हणतात, काम केलं, रजा परत द्या. माणूस रजेवर असला की त्याला आत घ्यायचंच नाही!"

बुवांनी जोडणी केली. आता पडताळून बघायला रजेवरचा माणूस हवा. त्यासाठी रजेच्या बाईंना विचारावं, एवढं काही त्यांना सुचलं नाही. घरचाच माणूस हाताशी होता, ते स्वतः. त्यांनी सर्व्हरला सांगून ठेवलं, कोणीही आलं तरी सध्या वेबसाइटला माझ्याच नावावर रजा आहे का ते विचार. जमलं की माझ्या नावाच्या जागी ज्याचं त्याचं नाव घालू. मग ते डबा खायला गेले आणि परत येऊन लॉगिन करू लागले. पडद्यावर त्यांनी स्वतःच लिहिलेली ओळ उमटली : 'आपण रजेवर आहात. कृपया विश्रांती घ्या.'

"जमलं!" बुवा ओरडले. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याचं त्याचं नाव घालायला आत जायचं होतं, आणि आत जायला ते रजेवर असून चालणार नव्हतं.

तोवर बाहेर गोंधळ उडाला होता. जो येईल त्याला सर्व्हर बुवा समजत होता आणि विश्रांतीला पाठवत होता. हिशेबनीस चष्मा पुसून पुसून तीच ओळ वाचत होता. कॉफीचं मशीनही विश्रांतीचाच सल्ला देत होतं. पाय मोकळे करायला गेलेली मंडळी काचेच्या दाराबाहेर हातवारे करत उभी होती. डिझाइनच्या दोघी तर पर्स खांद्याला लावून निघाल्यासुद्धा. "वरून आदेश आलाय, मोडायचा कसा?"

साहेब तणतणत आले. "बुवा, मी कंपनीचा मालक आहे! मला म्हणतंय रजेवर आहात!"

"साहेब, ते तुम्हाला नाही, मला म्हणतंय."

"मग माझ्या तोंडावर कशाला म्हणतंय?"

समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. उपाय एकच होता. रजेच्या बाई सकाळपासून वेबसाइटच्या आत बसून होत्या, त्यांचं पान अजून चालू होतं.

"एक बटण दाबलं की तुमची रजा रद्द, आणि सगळे आत," बाई म्हणाल्या. "दाबू?"

"दाबा!" साहेब म्हणाले. "रजा काय, पुन्हा मिळेल!"

"थांबा!" बुवा केविलवाणे झाले. "खाली माझी बायको..."

"खाली नाही, इथे आहे," मागून आवाज आला. पाहुण्यांसाठी पहारेकरी हाताने दार उघडत असे. बायको आत आली होती आणि 'आम्ही यांच्याबरोबर' म्हणत बाहेर अडकलेली मंडळीही मागोमाग घुसली होती.

सगळं ऐकून घेतल्यावर तिने हाताची घडी घातली. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "वहिनी, पाच मिनिटांपुरती रद्द करतो. काम झालं की मी स्वतः मंजूर करतो. शब्द देतो."

"करा," ती म्हणाली. "मी इथेच उभी आहे."

बाईंनी बटण दाबलं. बुवा आत शिरले, घामाघूम होऊन त्यांनी ज्याचं त्याचं नाव घातलं आणि हात वर केले. हिशेबनीस आत गेला. कॉफीच्या मशीनने कप भरला. टाळ्या वाजल्या. साहेब ऐटीत कॉम्प्युटरसमोर बसून लॉगिन करू लागले. "आता आधी तुमची रजा मंजूर करतो."

'आपण रजेवर आहात. कृपया विश्रांती घ्या.'

"बुवा! अजून बिघडलेलंच आहे हे!"

"नाही हो साहेब," रजेच्या बाई चाचरत म्हणाल्या. "आता ते बरोबर सांगतंय. तुम्हीच महिन्यापूर्वी आजची रजा टाकली होती. मला वाटलं, बेत बदलला असेल. तुमची पण रद्द करू?"

"करा की," असं साहेब म्हणणार, तोच त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. "लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात एकटीने जेवायचं असतं का हो?"

फोन ठेवून साहेब किंचाळले, "बाई, हात लावू नका! माझी रजा रद्द करायची नाही!"

"मग यांची मंजूर कोण करणार?" बायकोने विचारलं.

"मंजूर! तोंडी मंजूर! वहिनी, माझी गाडी दुरुस्तीला गेलीय. तुमच्या वाटेवरच आहे हो ते हॉटेल."

गाडीत मागच्या सीटवर बुवांच्या दोन बॅगा आणि कसलीशी छत्री मांडीवर घेऊन साहेब अंग चोरून बसले. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "वहिनी, तिला काय सांगू? सर्व्हरमुळे अडकलो होतो, असं सांगू का?"

"सांगा. हे मला नेहमी तेच सांगतात."

"मग? पटतं तुम्हाला?"

"एकदाही नाही," ती म्हणाली आणि तिने गिअर बदलला.