मापाचा शर्ट

"पावणं, तुमच्या मापाचा एक शर्ट आन एक पँट द्या पाठवून," शिनोलीहून दादाभाऊंचा फोन होता. "साखरपुड्याचा पोशाख आमी हितंच शिवून घेतोय. रेडिमेडचं काय खरं न्हाई, राव."

रखमाजी "हो हो, देतो की," म्हणाले आणि फोन ठेवून बशीतल्या चहाकडे बघत बसले. दादाभाऊ म्हणजे होणारे व्याही. त्यांची अक्षदा रखमाजींच्या आदेशला द्यायची ठरली होती आणि साखरपुडा दोन महिन्यांवर आला होता. आदेश बत्तीस वर्षांचा. आळेफाट्याजवळच्या त्यांच्या रानात तो टोमॅटो असा पिकवायचा की लोक बघायला यायचे, पण मुलगा शेती करतो म्हटलं की मुलीकडचे पोहे खाऊन जात आणि पुन्हा फोन उचलत नसत. असं सतरा वेळा झालं होतं. अठराव्या वेळी शिनोलीकरांनी होकार दिला. तेव्हापासून सगळं घर श्वास रोखून बसलं होतं. कुठलंही निमित्त होऊन हे स्थळ मोडू नये, एवढीच सगळ्यांची इच्छा होती.

आणि नेमकं व्याह्यांनी माप मागितलं. माप ही रखमाजींची दुखरी बाजू होती. ते स्वतःला 'हाडापेरानं थोराड' म्हणवून घेत. पण हाडंपेरं कोणाच्या शर्टाच्या चौथ्या बटणावर येऊन बसत नाहीत. बैठकीला शिनोलीला गेले होते, तेव्हा अक्षदाच्या आत्यानं, गोजरबाईंनी, त्यांच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं होतं. बाकी सगळा वेळ बाई पोटाकडेच बघत होती. शेवटी रखमाजींनी मांडीवर लोड ओढून घेतला आणि निघेपर्यंत सोडला नाही.

त्यांनी कपाट उघडलं. आत त्यांचे चौकटीचे रोजचे शर्ट होते. त्यातला एक पाठवायचा म्हणजे शिनोलीच्या टेलरनं टेप लावून सगळ्या गावाला आकडा सांगायचा. त्यापेक्षा तळाशी एक आकाशी शर्ट आणि काळी पँट होती, अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हा रखमाजी सडसडीत होते. शर्ट त्यांचाच होता, मापही त्यांचंच होतं. फक्त जरा जुनं होतं. यात खोटेपणा तो काय, असं मनाशी म्हणत त्यांनी दोन्ही कपडे पिशवीत घातले आणि पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली. सकाळी सोयरीक जुळवणारा भागू मोटरसायकलवरून आला आणि पिशवी शिनोलीला घेऊन गेला.

आता त्या शर्टात मावायचं काम उरलं होतं. साखरपुड्यात दिलेला पोशाख तिथल्या तिथं घालून मांडवात यायचं असतं. तिथं पाहुण्यांसमोर शिवण उसवली तर आदेशच्या लग्नाची काय शोभा होणार, या विचारानं रखमाजींना घाम फुटला. त्यांनी मुलीला, संस्कृतीला, विश्वासात घेतलं. ती मंचरच्या कॉलेजात होती आणि तिच्या मोबाइलवर कपडे कसे घालावेत हे सांगणारी एक बाई होती. गडद रंग घाला, उभ्या रेघा घाला, शर्ट इन करू नका, फोटोत एक पाय पुढे टाकून तिरके उभे राहा, असं ती सांगत होती. मग तिनं विचारलं, आधी तुमच्या शरीराचा आकार ओळखा, सफरचंदासारखा आहे की नाशपतीसारखा?

रखमाजींनी मान खाली घालून पाहिलं. "टोमॅटोचं काय सांगतीया का बघ," ते म्हणाले.

टोमॅटोचं बाई काही बोलली नाही. पण पोट आत घेऊन सरळ बसायचा पट्टा मिळतो, असं मात्र तिनं सांगितलं. तो पट्टा आळेफाट्याच्या मेडिकलमध्ये मिळाला. दुकानदारानं "कंबर का?" असं विचारलं. पोट म्हणण्यापेक्षा कंबर बरी, म्हणून रखमाजींनी मान डोलावली. शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला भागू उभा होता. त्यानं पट्टा पाहिला आणि काळजीनं मान हलवली.

मग रखमाजींनी भाकरी सोडली. सकाळी दुधीचा रस, दुपारी काकडी, संध्याकाळी ताक. हे सगळं साळुबाई, म्हणजे त्यांची बायको, मुकाट्यानं देत होती. एरवी जेवणाचं ताट अर्धं राहिलं तरी चौकशी करणारी ही बाई गप्प कशी, असा प्रश्न रखमाजींना पडायला हवा होता. पण उपाशी माणसाला प्रश्न कमी पडतात.

चालण्याचं मात्र जमेना. पहाटे ते हायवेच्या कडेनं झपाझप निघायचे आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी गाडी थांबवायचं. आपल्या भागात धडधाकट माणूस विनाकारण चालत नाही. "गाडी बंद पडली का भाऊ? बसा." नाही म्हटलं तर तो रुसणार, आणि हो म्हटलं तर व्यायाम बुडणार. आठवडाभर ते रोज फुकट आळेफाट्याला जाऊन आले. नंतर ते रानातल्या पायवाटेनं चालू लागले, तर लोक म्हणू लागले, रखमाजी हल्ली एकटाच रानात फिरतो, कोणाशी बोलत नाही.

महिन्याभरात गाल बसले. पट्टा बांधल्यामुळे ते ताठ चालायचे, वाकायचे नाहीत आणि खाली बसताना "आई गं" म्हणायचे. कुणाच्या घरी गेले तर चहाला नको म्हणायचे. भागूनं या सगळ्याची बेरीज केली. जेवण तुटलंय, कंबरेला पट्टा आहे, मेडिकलला खेपा आहेत, माणूस एकलकोंडा झालाय. सोयरीक जुळवणाऱ्यानं दोन्हीकडचं खरं ते सांगावं, असा त्याचा बाणा होता. त्यानं शिनोलीला फोन केला आणि फार काही न बोलता एवढंच म्हणाला, "रखमाजीची तब्येत जरा बघा, मी काय सांगत न्हाई."

साखरपुड्याच्या दिवशी दादाभाऊंच्या दारात मांडव पडला होता. रखमाजी नेहरू शर्ट-पायजम्यात आले, आतून पट्टा शेवटपर्यंत आवळलेला. अक्षदा नवी साडी नेसून आली, आदेश नवे कपडे घालून आला. मग दादाभाऊंनी व्याह्यांच्या कपाळाला गंध लावलं, पांढरा शर्ट, पँट आणि निळं जाकीट हातात दिलं आणि आतली खोली दाखवली.

खोलीत रखमाजींनी देवाचं नाव घेतलं, होतं नव्हतं ते पोट आत ओढलं आणि पँट चढवली. बटण लावलं. हात सोडला. पँट खाली गेली.

त्यांना आधी काही कळेना. शर्ट घातला तर खांद्याची शिवण दंडावर आली. जाकिटात आदेशही सोबत मावला असता. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. म्हणजे आपण नुसते बारीक झालो नाही, तर अकरा वर्षांपूर्वीपेक्षाही बारीक झालो! त्यांना स्वतःचा इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता. पायजम्यावर आल्यामुळे चामडी पट्टा नव्हता, तेव्हा डाव्या हातानं पँट घट्ट धरून ते ऐटीत बाहेर आले आणि संस्कृतीच्या मोबाइलवरच्या बाईनं सांगितल्याप्रमाणे एक पाय पुढे टाकून तिरके उभे राहिले.

लोकांना दिसलं ते असं, की एक माणूस दुसऱ्याचे कपडे घालून, कुशीत कळ आल्यासारखा हात धरून, वाकडा उभा आहे. कोणी नमस्कार केला की तो एकाच हातानं करायचा.

"शिवणाऱ्यानं घोटाळा केला," दादाभाऊ ओशाळून म्हणाले.

"शिवणाऱ्याला कशाला नावं ठेवतो?" गोजरबाई उठल्या. परत द्यायला म्हणून घडी करून ठेवलेला मापाचा शर्ट त्यांनी आतून आणला आणि रखमाजींच्या अंगावरच्या शर्टाला लावून धरला. दोन्हींचं माप तंतोतंत सारखं होतं.

तो शर्ट चौकटीचा होता. रखमाजी बघतच राहिले. आकाशी शर्ट पाठवला होता, हा कुठून आला? त्यांनी साळुबाईकडे पाहिलं. साळुबाई मांडवाच्या कापडाकडे इतकं निरखून बघत होती की जणू तिला ते विकत घ्यायचं होतं.

"दोन महिन्यांमागं माणूस एवढा व्हता," गोजरबाई शर्ट दोन्ही हातांनी ताणून म्हणाल्या. "आता एवढाच उरलाय. भागू सांगत व्हता ते खरं म्हणायचं. काय दुखणं हाय ते आदी सांगा, पावणं. सुपारी त्याच्यानंतर फुटंल."

दादाभाऊंनी "अक्का, असं काय बोलतीस," म्हणून पाहिलं, पण त्यांचा आवाज अर्ध्यावरच बसला. आदेशनं खाली मान घातली. सतरा वेळा घातली होती तशीच. रखमाजींनी लेकाची ती मान पाहिली. दोन महिन्यांची सगळी ऐट त्या एका क्षणी त्यांना नकोशी झाली.

"दुखणं काय न्हाई," ते म्हणाले. "पोट झाकत व्हतो."

आणि सगळ्या मांडवासमोर त्यांनी शर्ट वर केला, पट्ट्याचं टोक धरलं आणि ओढलं. चर्र असा आवाज झाला आणि पोट बाहेर आलं. पूर्वीइतकं नव्हतं, पण पोट होतं. पँट जरा वर राहिली. रखमाजींनी मग सगळंच सांगून टाकलं: जुना शर्ट, दुधीचा रस, मेडिकलमध्ये कंबरेचं नाव. फक्त हा चौकटीचा शर्ट पिशवीत कसा आला ते मला माहीत नाही, असं म्हणून थांबले.

"मी बदलला, पँटबी बदलली," साळुबाई म्हणाली. "खुंटीवर पिशवी बघितली तवाच कळलं. म्हटलं, भर मांडवात शिवण उसवायला नको."

"मग मला सांगायचं न्हाई का? दोन महिने काकडी खाल्ली मी."

"डाक्टरबी तेच सांगत व्हते. म्हटलं व्हतायत बारीक तर व्हऊ द्या."

मांडवात हशा पिकला. पण गोजरबाई हसल्या नाहीत, आणि त्या हसत नाहीत म्हटल्यावर बाकीचेही गप्प झाले.

"आजारी माणूसबी असंच सांगंल," त्या म्हणाल्या. "पावणं, त्या दिवशी मी तुमच्या घराबद्दल एक सवाल केला का? जमीन किती, बंगला कवा बांधणार, एक शब्द न्हाई. तुमचं पोट बघितलं आन दादाभाऊला म्हटलं, दे पोरगी. माझ्या सासरी बाप्ये जेवायचे, मग पोरं, आन आमच्या वाटणीला भांडं खरवडायचं यायचं. जिथं कर्त्याचं पोट असं हाय आन घरधनीन बी अंगानं भरलेली हाय, तिथं आमची पोर उपाशी झोपायची न्हाई, एवढंच मला पायजे व्हतं. आन तुमी तेच पोट घालवून आलात."

या बाईच्या नजरेला भिऊन रखमाजींनी दोन महिने भाकरीकडे पाठ फिरवली होती.

"आदी जेवण व्हऊ द्या," गोजरबाईंनी हुकूम सोडला. "मी समोर बसते. पावण्यांनी खाऊन दाखवलं, तर सुपारी."

मुहूर्ताची घटका टळायला अजून तासभर होता. रखमाजींना पाटावर बसवलं. समोर ताट, ताटापलीकडे गोजरबाई, आणि भोवती दोन्ही गावचे पाहुणे. शेजारी भागू उभा होता. त्यानं दाखवलेल्या काळजीची त्याला आता लाज वाटत होती, म्हणून जिलबीचं ताट त्यानंच हातात धरलं होतं. रखमाजींनी पहिला घास घेतला आणि त्यांना भीती वाटली, इतक्या दिवसांची सवय मोडलेलं पोट ऐन वेळी नको म्हणालं तर? लेकाचं लग्न आता मटकीच्या उसळीवर आणि मसालेभातावर येऊन ठेपलं होतं.

पोट नको म्हणालं नाही. दुसऱ्या पुरीला ते जागं झालं, चौथ्या पुरीला ओळख पटली, आणि मसालेभात दुसऱ्यांदा वाढताना रखमाजींना कोण बघतंय याचंही भान राहिलं नाही. पाचव्या जिलबीला आदेशनं मान वर केली. आठव्या जिलबीला अक्षदा पदराआड हसली. मठ्ठ्याचा तिसरा ग्लास खाली ठेवून रखमाजींनी मनापासून ढेकर दिला, तेव्हा गोजरबाईंनी साळुबाईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बोलवा भटजींना. पोर तुमची झाली."

सुपारी फुटली. अंगठ्या घातल्या गेल्या. पँट आता कुठल्याही हाताशिवाय जागच्या जागी होती. फोटोसाठी दोन्ही घरची माणसं रांगेत उभी राहिली, आणि रखमाजी सवयीनं एक पाय पुढे टाकून तिरके झाले.

फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला.

"काका, पोट जरा आत घ्या."

रखमाजींनी श्वास ओढला. तेवढ्यात मागच्या रांगेतून गोजरबाईंचा हात त्यांच्या खांद्यावर पडला आणि त्यांना सरळ समोर वळवून थांबला.

"राहू दे," त्या फोटोग्राफरला म्हणाल्या. "सगळं येऊ दे फोटोत."