मुंडीसकट द्या

आमचे शेजारी राऊतभाऊजी माशाची मुंडी काढू देत नाहीत. पनवेलच्या मासळीबाजारात बाकीची माणसं कल्ले उघडून मासा ताजा आहे का बघतात; हे त्याच्या कपाळावरून बोट फिरवतात!

"काका, मुंडी ठेवून काय करताव?" कोळीण विचारते. "शाळेत घालताव काय त्याला?"

"त्याचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा भारी आहे!"

झालं, भाषण सुरू. भाऊजी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, आता रिटायर. मी बापडी पिशवी धरून उभी.

"माशाच्या मेंदूला इजा झाली ना, की आतल्या मदतनीस पेशी नव्या पेशी तयार करतात. जखम भरून निघते! आपल्याही पेशी धावत येतात, नाही असं नाही. पण करतात काय? तिकडे उलव्याला बांधकामाभोवती असतो ना, तसा पत्रा ठोकतात. बाकीचा मेंदू वाचतो, पण पत्र्याच्या आत काम बंद!"

"बरं, सुरमई देऊ? कशी चमकते हाय बघा."

"आज रविवार. बांगडा."

बुधवारी, शुक्रवारी काहीही चालतं, रविवारी मात्र बांगडाच. मला वाटायचं, हट्टी माणूस, दुसरं काय!

गेल्या रविवारी आमच्या काळ्या पिशव्या बदलल्या. घरी येऊन बघते तर माझ्या पापलेटाच्या तुकड्यांऐवजी मुंडीसकट बांगडा. तशीच शेजारी गेले. भाऊजी दारातच, तोंड एवढंसं झालेलं.

"वहिनी, बांगडा!"

आत टेबलाशी नलू बसलेली. त्यांची बायको, माझी मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि एवढी बडबडी बाई, वाचाच गेली. पुढ्यात रिकामी ताटली. भाऊजींनी घाईघाईने ताटलीत बांगडा ठेवला.

"नलू, हे काय?"

नलूने बराच वेळ बघितलं. ओठ हलले.

"बांगडा."

"शाब्बास!" भाऊजींनी टाळी वाजवली. नलू अर्ध्या ओठाने हसली.

मला तर रडूच आलं. "अहो, बोलायला लागली की!"

भाऊजी हळूच म्हणाले, "तेवढा एकच शब्द उरलाय, वहिनी. आजवर लाजून कुणासमोर काढला नाही. पापलेटलाही बांगडा, बोंबलालाही बांगडा. डॉक्टर म्हणाले, सराव करत राहा. मुंडी काढली तर ओळखणार कशी? बुधवारी चुकते, शुक्रवारी चुकते, हिरमुसते हो. रविवारी तरी बरोबर यावं ना."

माझी पिशवी घेऊन मी निघाले. भाऊजी मला पोचवायला जिन्यापर्यंत आले.

आतून नलूने हाक मारली, "बांगडा!"

"आलो गं," भाऊजी म्हणाले.