चार नंबरच्या खिडकीची पाहणी

देशात परदेशी गुंतवणूक यावी, म्हणून इथलं आर्थिक आणि सामाजिक हवामान तपासायला एक परदेशी तज्ज्ञ आले. गुंतवणूक खात्याच्या सचिवांनी त्यांना नव्या पुलाचे फोटो दाखवले. तज्ज्ञांनी जांभई दिली.

"पूल आम्ही बांधू. तुमची माणसं किती वेळ गप्प राहतात, ते सांगा."

ही आकडेवारी खात्याकडे नव्हती. तेव्हा दाखल्यांच्या कचेरीतली चार नंबरची खिडकी, कुठलंही कारण न देता, बंद ठेवून पाहायचं ठरलं. "सदर खिडकी पाहणी पूर्ण होईपर्यंत बंद समजण्यात यावी," असा लेखी आदेश तिथल्या कारकुनाला मिळाला.

सचिव आणि तज्ज्ञ आत त्याच्या मागेच उभे होते. कारकुनाने सकाळी दहाला झडप ओढून घेतली आणि फटीतून पाहिलं. रांगेत नववी त्याची सख्खी आत्या होती. तिच्या नातीच्या शाळाप्रवेशाला जन्माचा दाखला हवा होता, आणि प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता.

"साहेब, एवढा एक दाखला देऊन मग बंद करू का?"

"पाहणीत नातेवाईक नसतात," सचिव कुजबुजले. त्यांना दंगलीच्या भीतीने आधीच घाम फुटला होता.

तज्ज्ञ फटीशी घड्याळ काढून बसले. अकराला रांग दुप्पट झाली. बाराला लोकांनी आपापसात नंबर वाटून घेतले. एक वाजता एका निवृत्त मास्तरांनी रांग सरळ करून दिली. दोनला नव्याने आलेल्या एकाने विचारलं, "इथे काय मिळतं हो?"

"कुणास ठाऊक. पण एवढे लोक उभे आहेत, म्हणजे काहीतरी मिळत असणारच," पुढचा म्हणाला. विचारणाराही मागे उभा राहिला.

अडीचला आत्याने पुढे येऊन झडप खडखडवली. "अहो, आत कुणी आहे का? खिडकी बंद का आहे, तेवढं तरी सांगा!"

तज्ज्ञांनी पेन उचललं. सचिवांचा चेहरा उतरला. कारकुनाचा हात नकळत कडीकडे गेला.

पण त्याआधी रांगच आत्यावर तुटून पडली. "बाई, गप्प बसा! साहेब चिडले तर आमचीही कामं अडतील." मास्तरांनी तिला बेशिस्तीबद्दल सगळ्यांत मागे नेऊन उभं केलं.

कारकुनाने हात मागे घेतला.

"पोलीससुद्धा लागले नाहीत!" तज्ज्ञ हरखून म्हणाले. "हे प्रशिक्षण तुम्ही कुठे देता?"

"छे हो, हे सगळं घरचंच," सचिव लाजले.

हवामान अत्यंत अनुकूल, असा शेरा पडला. आठवड्याभरात करार झाले. नातीचा प्रवेश मात्र हुकला. कारकून तोंड लपवत आत्याकडे गेला.

"आत्या, मी आतच होतो गं. वरून हुकूम होता."



"तुला हुकूम होता, कळलं," आत्या म्हणाली. "रांगेतल्यांना कुणाचा होता रे?"