चंद्रकुमारचा फुगणारा सोफा

भंडारा जिल्ह्यात आजमितीस एकच खाजगी गुप्तहेर आहे, आणि तो मी आहे. दुसरा कोणी असता तर मला कळलंच असतं, कारण गुप्त गोष्टी कळणं हाच माझा धंदा. नाव सेवकराम. वरठी स्टेशनाबाहेर माझा सायकल-मोटरसायकलचा स्टँड आहे, पण तो केवळ जगाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी. गाडी लावणाऱ्याकडे नुसतं पाहून तो कुठे चालला, कधी परतणार आणि घरी भांडून आलाय की नाही, हे मी सांगू शकतो. शरीरयष्टी भारदस्त, मिशी विचारी, आणि कपाळ इतकं भव्य की ते मागे मानेच्या दिशेने पसरत चाललंय. माझी पत्नी दामिनी त्याला टक्कल म्हणते. तिला निरीक्षण आहे, पण निष्कर्ष काढता येत नाहीत.

आणखी एक. तपास करताना मी पुस्तकातली मराठी बोलतो. त्याने गुन्हेगारावर वचक बसतो. एरवी आमच्याकडे बायाही 'मी करतो', 'मी जातो' असंच बोलतात.

तर मे महिन्यातल्या एका रणरणत्या दुपारी चंद्रकुमार स्टँडवर आला. गाडी न आणता स्टँडवर आलेला माणूस संकटात असतो, हा माझा सिद्धांत आहे.

"बैस," मी म्हणालो. "काही सांगू नकोस. तुझं पत्नीशी भांडण झालं आहे."

"ते त रोजचंच हाये," तो म्हणाला. "सोफा फुगून राहिला, सेवकराम."

चंद्रकुमार माझा शाळेपासूनचा मित्र. पोस्टात नोकरी, भंडाऱ्याला खात रोडवरच्या कॉलनीत घर, बायको करुणा शहाणी, सगळं व्यवस्थित. फक्त अंगात एक व्याधी आहे. बाजारात मिळणारी प्रत्येक वस्तू आपण घरीच करू शकतो असं त्याला वाटतं. मोबाइलवर कोणी दोन मिनिटांत कपाट करताना दिसला की हा ड्रिल मशीन काढतो. त्याने केलेल्या टीपॉयचे चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकल्याचं आजवर कोणी पाहिलेलं नाही. न्हाणीघरातली वायरिंग त्याने स्वतः बदलली, तेव्हापासून आंघोळीला पाणी तापवायचं तर देवघरातला दिवा लावावा लागतो. करुणावहिनी सांगतात की त्यामुळे घरात भक्ती वाढली.

यंदा त्याने सोफा केला होता. खोक्यांच्या फळ्यांची चौकट, त्यावर जुन्या पडद्याचं कापड, आणि फोम महाग म्हणून आत गच्च भरलेलं तणस. तणस म्हणजे धानाचा वाळका पेंढा. आमच्याकडे ते बैल खातात, चंद्रकुमार त्यावर पाहुणे बसवणार होता. मागच्या बाजूला फाटक्या बॅगेची चेन शिवली होती, म्हणजे तणस दबलं की नवं भरता येईल. सोफ्याच्या हातांचे कोपरे त्याने सँडपेपरने इतके घासले होते की त्याच्या बोटांची सालं निघाली होती. वर वार्निशचे थरावर थर. त्या घरातली नाकं आठवडाभर रजेवर होती.

"पहिले दोन दिवस चांगला होता," तो सांगू लागला. "मंग बसलं का खालून गोटे लागाले लागले. आज इथं गोटा, उद्या तिथं. जागा बदलून राहिले! अन् हात लावला त गरम लागते."

"तणस काढून पाहिलंस?"

"करुणा म्हन्ते, चेन उघडली का तनीस बाहेर येते, अन् तुमच्यानं परत भरनं होत नाही. अन् रविवारी तिची भिशी हाये." त्याचा आवाज बसला. "तिले दुकानातला सोफा पाहिजे होता. मीच म्हनलं, मी बनवतो. ती म्हने, बनवा, पन बायांसमोर माहं नाक कापलं त तुमची सारी हत्यारं भंगारवाल्याले देईन. घमेल्यात भरून दाराशी ठेवली बी तिनं. ड्रिल, आरी, रंधा, सारंच."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वार्निशचा परिणाम असावा असं मला आधी वाटलं, पण तो खरंच रडत होता. मला वाईट वाटलं. प्रकरण मी हाती घेतलं.

घटनास्थळी पोचताच मी सोफ्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. मग बसून पाहिलं. गोटे होते. मुठीएवढे, गुळगुळीत, एकाशेजारी एक मांडलेले. माझ्या मेंदूने तत्काळ पहिला सिद्धांत मांडला. भंडाऱ्यात कोसा रेशीम म्हणजे सोनं. कोणीतरी चोरीचे रेशीमकोश या सोफ्यात दडवले आहेत!

"एवढा मोठा कोश?" करुणावहिनींनी विचारलं. "मंग त्याची अळी बकरीएवढी असन, भाऊजी."

मी तो सिद्धांत मोठ्या मनाने मागे घेतला. दुसरा सिद्धांत शेजारच्या यादोरावांवर जात होता. त्यांचं फर्निचरचं दुकान. लोक घरीच सोफे करू लागले तर त्यांनी खावं काय? तेव्हा तेच गुपचूप येऊन आत दगड भरत असणार. मी त्यांना कुंपणापाशी गाठून सोफ्याखाली काय भरलंत म्हणून दरडावलं. ते म्हणाले, "सेवकराम, माह्या कंबरेत पट्टा हाये. मले माही चप्पल वाकून घालता येत नाही." त्यांनी पट्टा उघडून दाखवला. मी तोही बारकाईने पाहिला. खरा होता.

मग साक्षीदार उरला एकच. चंद्रकुमारची आत्या शेवंताबाई. गोसीखुर्द धरणाकडच्या पुनर्वसनाच्या गावाहून त्या मुक्कामाला आल्या होत्या आणि दिवसभर त्या सोफ्यावरच पाय पसरून बसलेल्या असत. येताना त्यांनी भरलेली बोरी, म्हणजे पोतं, आणली होती. आता ती रिकामी, घडी करून खुंटीला अडकवलेली होती. तपासाशी संबंध नसलेल्या गोष्टींत मी वेळ घालवत नाही.

"आत्याबाई," मी म्हणालो, "या आसनाच्या अंतर्भागात आपणांस काही आढळलं काय?"

"कोन्त्या गावचं बोलून राहिला जी तू?"

मी नाइलाजाने सोपं केलं. "खाली काही दिसलं का जी?"

"दिसन कायले नाही?" त्या म्हणाल्या. "रोज मीच पालटून ठेवतो ना. उबारा मस्त धरला. आनखी दोन दिस. मंग सारे संगंच निंगतीन, पाहून घेजो."

मी जागच्या जागी थिजलो. गुळगुळीत गोटे. ऊब. रोज पालटणं. आणि दोन दिवसांनी सगळे एकदम बाहेर! तिसरा सिद्धांत माझ्या मनात लखलखला, आणि तो इतका भयंकर होता की मी सोफ्यावरून उठून थेट अंगणात जाऊन उभा राहिलो. खेड्यातल्या माणसांना सापाचं काही वाटत नाही, हे मला ठाऊक होतं. पण अजगराची अंडी रोज उलटून पालटून ठेवायची, म्हणजे हद्द झाली.

"समजलं का काही?" चंद्रकुमारने आशेने विचारलं.

"सर्व," मी म्हणालो. "रविवारी मी तयारीनिशी येतो. तोवर आत्याबाईंशी गोड बोल."

रविवारी मला जरा उशीर झाला. एका गिऱ्हाइकाने स्टँडवर विसरलेलं हेल्मेट डोक्यात नीट बसेना. ते घालून, हातात आकडीची काठी आणि पोतं घेऊन मी पोचलो तेव्हा भिशी भरात होती. खोलीत बायाच बाया. सोफ्याच्या मधोमध केशरबाई बसल्या होत्या, म्हणजे या कॉलनीत कोणाचा पडदा आखूड आणि कोणाचा चहा पातळ हे ठरवणाऱ्या बाई. चंद्रकुमार दाराशी त्या घमेल्याजवळ उभा होता. घमेल्याला तो एका हाताने धरून होता.

"मऊ हाये व, करुणा," केशरबाई म्हणत होत्या. त्या थोड्या सरकल्या. "पन अंदरून काही त टोचते."

करुणावहिनींनी घमेल्याकडे पाहिलं. चंद्रकुमारने डोळे मिटले. हीच माझी वेळ होती.

"कोणीही हलू नका!" मी गरजलो. "आपण अजगराच्या अंड्यांवर बसला आहात!"

माझ्या सूचनेचा उलटा परिणाम झाला. सगळ्याच हलल्या. पाच बाया त्या टीपॉयवर चढल्या, आणि त्याचे चारही पाय प्रथमच एकाच वेळी जमिनीला टेकले. मी काठी उगारली, तर चंद्रकुमार हात पसरून सोफ्यासमोर आडवा आला.

"काठी नोको मारू! कापड फाटन!"

तेवढ्यात माझं लक्ष टीपॉयवर उभ्या केशरबाईंच्या लुगड्याकडे गेलं. मागे भला मोठा, ओला, पिवळा डाग.

"फुटलं!" मी किंचाळलो. पुस्तकातली मराठी मला सोडून गेली. "एक अंडं फुटलं न बाप्पा! बलक निंगून राहिला!"

स्वयंपाकघरातून शेवंताबाई आल्या. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. सरळ सोफ्यामागे गेल्या, चेन सर्रकन उघडली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. टीपॉयवर कोणीतरी रामनाम सुरू केलं. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक पिवळाधमक आंबा होता. पिचकलेला.

"कोनं दाबले व माहे आंबे?" त्या कडाडल्या. "आजच्यासाठी ठेवले होते मी!"

वार्निशला हरवून तो वास सगळ्या खोलीभर पसरला. केशरबाईंनी पदराने मागचा डाग पुसला, पदर नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "गावरानी हाये."

मग शेवंताबाई एकेक आंबा काढून परातीत ठेवू लागल्या आणि बोलत गेल्या. "शेहरात तनीस कुठं भेटते, सांगा. मी याले फोनवर म्हनलं, बापू, यंदा माह्या झाडाले पहिल्यांदाच आंबे धरले. आनतो, पन पिकवू कुठं? हा म्हने, हो हो आत्या. अन् आली त काय, एवढी मोठी पेटी तयार! तनीस भरलं, चेन लावली, वरून बसाले जागा बी केली. म्हातारीचे गुडघे दुखते म्हनून."

त्या फोनच्या वेळी चंद्रकुमार ड्रिल चालवत होता आणि त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. हे त्याने मला नंतर सांगितलं.

"आमचं गाव धरनात गेलं," शेवंताबाई म्हणाल्या, "तवा घरामागचा आंबा बी गेला. निंगताना एक कोय पदरात बांधून आनली मी. त्या नव्या जागेत काही जगत नोतं, पन हे झाड जगलं. त्याचे आंबे हे. पोरानं त्यांच्यासाठी आपल्या हातानं घर केलं, सांगा."

मी हेल्मेट काढून हातात घेतलं. पण केशरबाई अशाने विरघळत नसतात.

"म्हंजे हा सोफा नोहे?" टीपॉयवरून त्यांनी विचारलं. "करुणा, तू त ग्रुपवर सोफा म्हनून फोटो टाकला होता."

सगळ्यांनी चंद्रकुमारकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातच्या वस्तूवर बसून कोणीतरी मऊ म्हटलं होतं. महिन्याभराचे रविवार त्यात गेले होते. त्याने सोफ्याच्या घासून गोल केलेल्या हातावरून बोटं फिरवली, मग आत्याकडे पाहिलं. त्या परात धरून, मान वर करून त्याच्याकडेच बघत होत्या.

"सोफा नाही जी," तो म्हणाला. "आत्यासाठी आंब्याची पेटीच बनवली होती. फोटो करुणानं चुकून टाकला." आणि मग हळूच, "बराबर झाली का, आत्या? हवा खेळते ना अंदर?"

"एक बी सडला नाही रे, बापू."

आता माझ्यासारख्या माणसाला हे सहन होणं शक्य नव्हतं. स्टँडवर तो स्वतः सोफा म्हणाला होता. धडधडीत खोटं बोलणारा माणूस माझ्यासमोर उभा होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर माणूस ओळखला होता.

"थांबा!" मी बोट रोखलं. "हा इसम साफ..."

"भाऊजी," करुणावहिनी म्हणाल्या, "आंबा खा."

त्यांनी तो माझ्या तोंडातच दिला. माझ्या सगळ्या तपासात या घरी मला दुसरा कप चहाही मिळाला नव्हता. मी आंबा खाल्ला, आणि गप्प राहिलो. गोड होता. इतका गोड की आणखी दोन खाईपर्यंत मी काय सिद्ध करणार होतो ते विसरलो.

बाया कोपरापर्यंत रस गाळत आंबे खात होत्या. केशरबाई शेवंताबाईंना कोय मागत होत्या. करुणावहिनी मात्र उठून दाराशी गेल्या. ते घमेलं त्यांच्याने उचलेना, तेव्हा त्यांनी ते फरशीवरून ओढत आत आणलं आणि चंद्रकुमारच्या पायाशी सोडलं.

"ही पेटी होय त मंग सोफा राहिलाच ना," त्या म्हणाल्या. "दिवाळीले पाहुने येतीन. ते काय जमिनीवर बसतीन?"

चंद्रकुमार घमेल्यापाशी खाली बसला. मग त्याने ड्रिल उचललं आणि सदऱ्याच्या टोकाने पुसलं.

"एका मानसाचं काम नाही ते," तो म्हणाला. "फळी धराले कोनी पाहिजे."

"मी धरतो," करुणावहिनी म्हणाल्या. "पन माप मी घेईन."