ठणठणीत चेअरमन

आजाराची भीती मी एका बैठकीत सोडली! कायमची! लोकांना जन्मभर जमत नाही, ते आपण जेवणाच्या सुट्टीआधी उरकून मोकळे!

त्याआधीचं सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्याएवढा भित्रा माणूस आख्ख्या आष्टी तालुक्यात नव्हता. साधी शिंक आली तरी मी शिवकन्येला, म्हणजे आमच्या मंडळीला, समोर बसवून माझ्यामागं घर कसं चालवायचं ते समजावून सांगायचो. त्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत नेलेली, निम्मं गाव तिथंच राहायला. जनावरांचा डॉक्टर खुरकताची, म्हणजे खुरांच्या रोगाची, लक्षणं सांगत होता, तर मी आपला चप्पल काढून स्वतःची नखं बघत बसलो!

त्यातच आमच्या दूध संस्थेच्या चेअरमनची निवड आली. मी जुना संचालक, पण मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की लोक चहा मागवायचे. एकदा तरी चेअरमन व्हावं, आपण आत शिरलो की चार माणसं उठून उभी राहावीत, याची मला लई हौस. खोटं कशाला बोलू? पण समोर अर्ज भगवानरावाचा. हा आमचा शेजारचा शेतकरी. बांधावरच्या लिंबाच्या झाडावरून आमचा अबोला. आणि सगळे संचालक त्याच्या खिशात!

मग आष्टीला संचालकांचं शिबिर झालं. एक पाहुणे बोलायला उभे राहिले. दुधाबद्दल अवाक्षर नाही! म्हणाले, "आजार आधी मनात होतो. रोज मोठ्यानं म्हणा, मी ठणठणीत आहे! सगळ्यांशी गोड बोला. भांडणं सोडा. मनातली इच्छा बिनधास्त बोलून दाखवा." बाकीचे संचालक जेवणाच्या वासावर डोळे मिटून बसलेले. जागा होतो तो मी एकटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उभा राहून मी ओरडलो, "मी ठणठणीत हाय!" शेजारच्यांची शेळी दावं तोडून पळाली. मग जेवायला बसलो. पिठलं-भाकरी दाबून खाल्ली आणि शिवकन्येला म्हणालो, "अगं, काय झकास पिठलं झालंय!"

तिच्या हातातली पळी खाली पडली.

"अवो, बरं हाय ना तुमाला?"

"एकदम झकास! आता मला कशाचीच भीती न्हाई!"

ती पदर डोळ्याला लावून आत गेली आणि तिनं आईला फोन लावला. मला वाटलं, कौतुक करत असेल.

आता आमच्याकडची एक समजूत सांगायला पाहिजे. कायम कण्हणारा माणूस अचानक उठून बसला, गोड बोलला, पोटभर जेवला, तर आमच्याकडं कुणी पेढे वाटत नाही. पाहुण्यांना निरोप धाडतात. त्याचं आता काही खरं नाही, असं समजतात.

हे माझ्या ध्यानातच आलं नाही! मी तडक छावणीत गेलो आणि भगवानरावाला कडकडून मिठी मारली.

"भगवानराव, माझ्या मनात आता काहीच न्हाई. ते लिंबाचं झाड तुझंच."

त्याचा चेहरा पांढराफटक. "राधाकिशन, येड्या, असं कावून बोलायलास बे?"

"आता कशाला भांडायचं? हसत राहायचं!"

त्यानं डोक्यावरची टोपीच काढली.

पाण्याच्या टँकरच्या रांगेत बातमी फिरली आणि माझ्या घराला माणसांची रीघ लागली. जो तो बिस्किटाचा पुडा घेऊन येतोय, माझ्याकडं बघून सुस्कारा टाकतोय. सासूबाई छबुबाई पुरणपोळ्या घेऊन आल्या. "खा जावईबापू, मनाला काय वाटंल ते खावा."

"मामी, मी ठणठणीत हाय!"

"व्हय व्हय," म्हणत त्यांनी हुंदका दिला.

मी भर अंगणात उठाबशा काढून दाखवल्या. आमच्या गल्लीतला सुग्रीव बाजूच्याला हळूच म्हणाला, "बघवत न्हाई गड्या."

मला आपलं वाटलं, उन्हामुळं म्हणत असेल. मी तर खूश! गोड विचार केला तर गाव प्रेम करायला लागलं! शेवटी भगवानराव माझा हात हातात घेऊन बसला.

"राधाकिशन, तुजी काही इच्छा?"

बिनधास्त बोलायचंच होतं. "एकच. चेअरमन व्हायचं!"

तो ढसाढसा रडला आणि त्याच दुपारी त्यानं अर्ज मागं घेतला. मी बिनविरोध चेअरमन! त्या शिबिरातल्या पाहुण्यांचे पाय धुवावेत असं वाटलं.

मग सत्कार झाला. मी आत शिरलो आणि सगळी सभा उठून उभी राहिली! माझ्या डोळ्यात पाणी आलं. भगवानराव बोलायला उठला. "राधाकिशन लई चांगला माणूस व्हता."

व्हता?

"त्याच्यामागं वैनींना गाव अंतर देणार न्हाई. आणि लवकरच आपल्याला दुसरा चेअरमन निवडावा लागंल..."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला! मी ताडकन उठलो. "अवो, मला काहीच झालेलं न्हाई! धडधाकट हाय मी! अजून तीस वर्षं मरत न्हाई!"

 मग भगवानरावानं डोळे पुसले आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "असं व्हय? मग आमी अर्ज कावून मागं घेतला? अविश्वास ठराव आणा रे!" झाडून सगळ्या संचालकांचे हात वर जायला लागले. खुर्चीवर नीट बूडसुद्धा टेकलं नव्हतं हो माझं!

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार? मी छातीवर हात ठेवला, "आई गं..." म्हणालो आणि हळूच खुर्चीत बसलो.

वर गेलेले हात भराभर खाली आले.

तेव्हापासून चेअरमन मीच आहे. भगवानराव रोज सकाळी तब्येत बघायला येतो. तो दिसला की शिवकन्या आतून खोकते आणि मी कण्हायला लागतो. ठणठणीत आहे हे मी आता मनातल्या मनात म्हणतो, तेही दार लावून.

परवा बादली उचलताना कमरेत खरीखुरी उसण भरली. देवाशपथ, जीव कासावीस झाला! मी खाटेवर पडून विव्हळत होतो, तेवढ्यात शिवकन्या लगबगीनं बाहेर आली आणि कानाशी कुजबुजली, "अवो, काय हे? जरा जीव ओतून कण्हा की! भगवानभावजी दाराशी आलेत, असल्या कण्हण्यानं खुर्ची जाईल बगा!"