अर्धेसाहेबांची खुर्ची

"बारा हजार?" कोपऱ्यावरच्या न्हाव्याने आरामखुर्चीभोवती एक फेरी मारली. "साहेब, मला दुकानात गिऱ्हाईक बसवायचंय, राजा नाही."

"लाकूड बघा, लाकूड! असं आता मिळत नाही."

"बरंच आहे," म्हणत न्हावी जिना उतरला. आधीची दोन गिऱ्हाइकंही अशीच गेली होती.

साहेबांची नोकरीच मुळी जुन्या सामानाची किंमत ठरवण्याची. मालकाने सांगितलेला आकडा आधी निम्मा करायचा आणि मग वस्तूकडे बघायचं, ही त्यांची पद्धत. म्हणून ऑफिसात त्यांचं नाव अर्धेसाहेब पडलं होतं. पण ही खुर्ची त्यांच्या पहिल्या पगाराची होती, आणि पहिल्या पगाराला निम्मं करायला त्यांचा जीव धजेना.

इकडे बायकोला शिवणाचा क्लास काढायचा होता. सोमवारपासून मुली शिकायला येणार होत्या आणि घरातली उजेडाची एकुलती एक जागा, खिडकीजवळची, खुर्चीने अडवली होती. आईकडून आलेलं तिचं मशीन बिचारं दारामागे अंग चोरून उभं होतं.

रविवारी चहा देता देता तिने मोबाइल पुढे केला. "अहो, मैत्रीण ही खुर्ची घेतेय. कितीला घ्यावी?"

साहेबांनी चष्मा चढवला. "पाठ उसवलीय, पाय फाकलेत. कुणाचं धूड आहे हे? आठशे. तेही भीड म्हणून."

"नक्की?"

"अगं, माझा हात धरेल का कुणी यात!"

"मग न्हावीदादांना वर बोलावते. आपलीच आहे. मागून फोटो काढलाय."

साहेब उठून खुर्चीच्या मागे गेले. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून काढली होती, पण ती मागून कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. पण स्वतःच केलेली किंमत नाकारायची कशी? न्हाव्याने आठशे मोजले, खुर्ची उचलली आणि दारामागे बघून थबकला.

"वहिनी, हे जुनं मशीनही काढायचंय का? पाचशे देतो."

"पाचशे?" बायकोचा आवाज चढला. "माझ्या आईचं आहे ते! वीस हजारांना कुणी मागितलं तरी देणार नाही!"

तिने साहेबांकडे पाहिलं. "सांगा हो यांना, तुम्हाला कळतं ना!"

साहेबांच्या ओठांवर आकडा आला होता. तो पाचशेच्याही निम्मा होता.

"लोखंड बघा, लोखंड!" ते न्हाव्याला म्हणाले. "असं आता मिळत नाही."