जागचा न हललेला निऑन

मॅडमची नोकरी शुक्रवारी संपणार होती आणि बुधवारी सकाळी त्यांना घबाड सापडलं. तीन वर्षं त्या दूरदूरच्या दीर्घिकांमधला वायू मोजत होत्या. जिथे नवे तारे जन्माला येतात तिथे ऑक्सिजन किती, नायट्रोजन किती. दुर्बिणीतून प्रकाशाचा पट्टा घ्यायचा आणि त्यातल्या रेघा ओळखायच्या, कारण प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या. आणि आज सातव्या दीर्घिकेत बघावं तर निऑनच निऑन!

मॅडमनी जरा धीर धरायला हवा होता. पण मुदत भरत आलेल्या माणसाला कुठला आलाय धीर? त्यांनी तडक डायरेक्टरसाहेबांना फोन लावला.

"शाब्बास! चार वाजता सगळ्यांसमोर सांगा. मुदतवाढीचंही तिथेच बघू," साहेब म्हणाले.

तासाभरात फळ्यावर सूचना लागली. दुपारपर्यंत दोन प्राध्यापकांनी एवढा निऑन कुठून आला याची दोन कारणं शोधली आणि त्यावरून त्यांचं कडाक्याचं भांडणही झालं.

साडेतीनला दुर्बीण चालवणारे काका वहीवर सही घ्यायला आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ही दीर्घिका आपल्यापासून लांब पळतेय ना?"

"हो काका. म्हणून तर तिच्या रेघा लाल बाजूला सरकल्यात."

"मग निऑनच्या तेवढ्या जागच्या जागी कशा?"

मॅडमनी पडद्यावरच्या रेघा पुन्हा मोजल्या. जागचा न हलणारा निऑन एकच, दुर्बिणीतल्या दिव्यातला. रेघांची मापं जुळवायला तो आधी मिनिटभर लावतात आणि विझवतात.

"काका, दिवा विझवलात ना?"

"छे! तुम्हीच बजावलंत, मी सांगेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. मी कुणाचा शब्द मोडत नाही."

खरंच की! बजावलं होतं आणि स्वतः चहाला गेल्या होत्या. आता काकांवर ढकलणं सोपं होतं, पण मॅडमना ते जमेना. त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. वही घेऊन काकाही मागोमाग.

"सर, चूक माझी आहे. तो निऑन आपल्याच दिव्याचा."

"अहो, दिवा चालू ठेवून दीर्घिका कोण बघतं?"

"तुम्हीच बघितलीत की साहेब," काका म्हणाले. "नवीन होतात तेव्हा. हात लावू नका, असं तुम्हीही बजावलं होतंत."

साहेबांनी मान वळवली. त्यांच्या मागे भिंतीवर त्यांचा गाजलेला शोधनिबंध चौकटीत लटकत होता. शेजारच्या दीर्घिकेतला अमाप निऑन! ती इतकी जवळ, की रेघा सरकल्या की नाही हे त्या काळी कुणाला कळलंही नसतं. त्या निऑनवरच तर साहेब या खुर्चीपर्यंत आले होते.

साहेब उठले, चौकट खिळ्यावरून काढली आणि काचेवरची धूळ पुसली. मग ती त्यांनी मॅडमकडे दिली.

"तुमची मुदत तीन वर्षं वाढली. पहिलं काम हे. परत मोजा."

मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकांनी मात्र घसा खाकरला.

"साहेब, तेवढं दिव्याचं सांगा. कालपासून चालूच आहे."